फायटिंग गेममध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी: कुठे अडकाल आणि कसे सुटाल

टेकन ३ खेळत मोठी झालेली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. घरच्या प्लेस्टेशनवर किंवा गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये एडी गोर्डो हे पात्र घ्यायचं, लाथांची दोन बटणं जमतील तशी बडवायची आणि समोरच्या पोराला लोळवायचं, अशीच आपल्याकडे अनेकांची फायटिंग गेमशी पहिली ओळख झाली. त्याच आठवणीच्या भरवशावर लोक आज स्ट्रीट फायटर ६ किंवा टेकन ८ विकत घेतात, ऑनलाइन जातात, लागोपाठ सात-आठ मॅच हरतात आणि आठवड्याभरात गेम काढून टाकतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी हे गेम बरीच वर्षं खेळतोय आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना खेळायला बसवलंय. त्यावरून माझं मत पक्कं झालंय की गेम अवघड असल्यामुळे फारच थोडे लोक सोडतात. बाकीचे सोडतात ते आपण का हरलो हे कळत नाही म्हणून. इथे संघ नसतो, त्यामुळे 'बाकीच्यांनी घाण केली' म्हणायची सोय नसते. समोरच्याकडे जास्त भारी शस्त्रंही नसतात. समोर एक माणूस, इकडे तुम्ही, आणि दोघांनाही जवळजवळ सारखीच लाइफ. त्यामुळे हार थेट अंगावर येते. मात्र जवळजवळ प्रत्येक हारीला कारण असतं, ते शोधून काढता येतं आणि पुढच्या वेळी त्याच डावाला उत्तर देता येतं. माणसं वीस-वीस वर्षं या गेमना चिकटून राहतात ती या ओढीने. कारण शोधायचं कसं, हेच मला सांगायचं आहे. उदाहरणं मुख्यतः स्ट्रीट फायटर ६ ची देतो. नव्या माणसाला शिकवण्याची सर्वांत चांगली सोय सध्या त्यात आहे असं मला वाटतं.

पायरी १: सामान जमवा

यादी लहान आहे.

- गेम चालेल असं यंत्र. स्ट्रीट फायटर ६ (जून २०२३) प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर चालतो. टेकन ८ (जानेवारी २०२४) प्लेस्टेशन ४ वर येतच नाही. टेकनसाठी सेकंड-हँड पीएस४ घ्यायला निघाला असाल तर थांबा.
- पीसी असेल तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. स्ट्रीट फायटर ६ साठी कॅपकॉमने फुकट बेंचमार्क प्रोग्राम दिला आहे, पैसे भरण्याआधी तो चालवून बघा. सेकंदाला ६० फ्रेम (म्हणजे चित्रं) अखंड मिळायलाच हव्यात. मिळत नसतील तर चित्राचा दर्जा बिनदिक्कत कमी करा.
- कंट्रोलर. घरात जो आहे तो. साधा प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सचा पॅड पुरतो, पीसीवर कीबोर्डही चालतो.
- राऊटरपासून यंत्रापर्यंत पोचेल एवढी लांब लॅन केबल. ती का लागते ते पायरी ७ मध्ये सांगतो.
- टीव्हीवर खेळणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमधला 'गेम मोड'. तो बंद असला की बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल दिसायला जाणवण्याइतका उशीर होतो.
- एक वही, नाहीतर फोनमधलं नोंदींचं ॲप.

पैसे फुकट जातात अशा दोन जागा सांगतो. पहिली म्हणजे आर्केड स्टिक, म्हणजे गेम पार्लरमधल्या मशीनसारखी काठी आणि बटणं असलेला कंट्रोलर. ती दिसते सुंदर, पण महाग असते आणि हातात बसायला महिने लागतात. काठीऐवजी फक्त बटणं असलेला 'लीव्हरलेस' प्रकारही आता लोकप्रिय आहे. दोन्ही चांगले आहेत, पण ते सहा महिन्यांनंतर बघा. पॅडवर खेळून मोठ्या स्पर्धा जिंकणारे खेळाडू आहेत.

दुसरी जागा म्हणजे आवृत्त्या. एकच गेम साधा, डिलक्स, अल्टिमेट, 'अमुक वर्षाच्या फायटर्ससह' अशा अनेक नावांनी विकायला असतो. साधी आवृत्ती घ्या. स्ट्रीट फायटर ६ मध्ये त्यातच १८ पात्रं आहेत आणि टेकन ८ मध्ये ३२. नंतर आलेली पात्रं तुमच्याकडे नसली तरी ती घेऊन खेळणाऱ्यांशी तुम्हाला ऑनलाइन लढता येतं. सेलची वाट बघा, मोठी सूट मिळते. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत परत केलं तर पैसे मिळतात. स्ट्रीट फायटर ६ चा फुकट डेमोही आहे. प्लेस्टेशनवर या गेमची ऑनलाइन मॅच खेळायला पीएस प्लसची वर्गणी वेगळी भरावी लागते, तो खर्च आधीच धरा. पीसीवर तशी वर्गणी नाही.

पायरी २: एक गेम, एक पात्र

निदान दोन-तीन महिने पात्र बदलू नका. हरल्यावर 'हे पात्रच कमजोर आहे' असं हमखास वाटतं आणि मग माणूस यूट्यूबवर कोणतं पात्र सर्वांत वरचढ याच्या याद्या बघत बसतो. त्या याद्या अत्यंत वरच्या दर्जाच्या खेळासाठी असतात. ब्राँझ किंवा सिल्व्हर अशा खालच्या रँकमध्ये त्यांचा काडीचा संबंध नाही. तिथे जो उडी मारून आलेल्याला खाली पाडतो तो जिंकतो, पात्र कुठलंही असो.

सुरुवातीला रियू किंवा ल्यूक घ्या. रियूकडे लांबून मारायला हदोकेन आहे, हवेतून येणाऱ्याला पाडायला शोर्यूकेन आहे आणि जमिनीवर साध्या लाथा-बुक्क्या आहेत. त्यामुळे कोणत्या प्रसंगाला कोणतं उत्तर, हे स्वच्छ कळतं. मात्र एखादं पात्र बघताक्षणी आवडलं असेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि तेच घ्या. झँगिफ हळू चालतो, त्याला प्रत्येक वेळी मार खात जवळ पोचावं लागतं, त्याचा मोठा थ्रो (समोरच्याला पकडून आपटणं) मारायला दिशा पूर्ण गोल फिरवावी लागते. तरी झँगिफवर जीव असलेला माणूस टिकतो, आणि केवळ सोपा म्हणून रियू घेतलेला कधीकधी कंटाळून जातो.

पायरी ३: हात बसवा

फायटिंग गेमवाले चाली आकड्यांत लिहितात. कॉम्प्युटरच्या कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा चौकोन डोळ्यासमोर आणा. ५ म्हणजे काठी मधोमध, ६ पुढे, ४ मागे, २ खाली, ८ वर, आणि कोपऱ्यांतल्या तिरक्या दिशा १, ३, ७, ९. पात्राचं तोंड उजवीकडे आहे असं धरून हे लिहितात. हदोकेन म्हणजे २३६ आणि बुक्की. शोर्यूकेन म्हणजे ६२३ आणि बुक्की. फोनच्या कीपॅडवर १ वरच्या ओळीत असतो, कॉम्प्युटरवर खालच्या. फोनचा कीपॅड डोळ्यासमोर ठेवून शिकाल तर सगळं उलटं होईल.

प्रॅक्टिसच्या खोलीत इनपुट दाखवायची सोय चालू करा. शोर्यूकेन निघत नसेल तर पडद्याच्या कडेला उमटणाऱ्या बाणांकडे बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एक दिसेल. एकतर शेवटचा तिरका ३ आलेलाच नसतो, अंगठा ६, २ करून पुन्हा ६ वर गेलेला असतो. नाहीतर दिशा पूर्ण व्हायच्या आधीच बटण दाबलेलं असतं. दोन्हींवर इलाज म्हणजे निम्म्या वेगाने करणं. उजवीकडून लागोपाठ दहा निघाले की डावीकडून दहा. एकाच बाजूने सराव करणाऱ्याला मॅचमध्ये बाजू बदलली की काहीच सुचत नाही.

मॉडर्न कंट्रोल घ्यावेत की क्लासिक, हा वाद तुमच्या कानावर येईलच. मॉडर्नमध्ये एक बटण आणि एक दिशा दाबली की शोर्यूकेन निघतो. त्याबदल्यात अशा सोप्या पद्धतीने मारलेल्या खास चालींचं नुकसान २० टक्के कमी होतं आणि काही साध्या लाथा-बुक्क्या मिळत नाहीत. हा सौदा चोख आहे. कुणी मॉडर्नला 'खोटं खेळणं' म्हणालं तर दुर्लक्ष करा. बोटांची कसरत बाजूला ठेवून डोक्याचा खेळ आधी शिकायचा असेल तर मॉडर्न घ्या. ती कसरतच आवडत असेल तर क्लासिक. मी क्लासिक खेळतो, कारण २३६ नीट निघाल्यावर हाताला जे समाधान मिळतं ते मला हवं असतं.

पायरी ४: कॉम्बोच्या आधी बचाव

नवा माणूस पहिल्या दिवशी पंधरा फटक्यांचा कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेल्या फटक्यांची साखळी, पाठ करायला बसतो. मॅचमध्ये तो कॉम्बो सुरू करायला लागणारा पहिला फटकाच बसत नाही, आणि मग चिडचिड होते. त्याऐवजी पुढच्या चार गोष्टी या क्रमाने शिका.

*ब्लॉक.* मागे धरलं की ब्लॉक होतो. तिरकं मागे-खाली धरून बसलात तर पायांवरचे फटकेही अडतात आणि जमिनीवरचे बहुतेक मारही. म्हणून उठता-बसता १ ही दिशा धरायची सवय लावा. त्यातून दोन गोष्टी निसटतात: उडी मारून केलेले हल्ले, आणि डोक्यावर येणारे काही संथ फटके, ज्यांना ओव्हरहेड म्हणतात. दोन्ही उभं राहून अडवावे लागतात.

*थ्रो.* ब्लॉक करून बसलेल्याला जवळ जाऊन उचलून आपटता येतं. फटका थ्रोला मारतो, थ्रो ब्लॉकला मारतो, ब्लॉक फटक्याला अडवतो. दगड-कागद-कात्रीसारखं हे त्रिकूट बहुतेक फायटिंग गेमच्या मुळाशी आहे. समोरच्याने थ्रो केला त्याच क्षणी तुम्हीही थ्रोची बटणं दाबलीत तर सुटता. 'थ्रो म्हणजे रडीचा डाव' हा गेम पार्लरमधला जुना समज इथे सोडून द्या. थ्रो नसता तर दोघंही ब्लॉक धरून वेळ संपेपर्यंत बसले असते.

*उडीला उत्तर.* सुरुवातीच्या रँकमध्ये निम्मे लोक उड्या मारत येतात. उडी लांबून दिसते, आणि हवेत गेलेल्या माणसाला ब्लॉक करता येत नाही. रियूचा खाली बसून मारलेला जोरदार पंच किंवा शोर्यूकेन यासाठीच आहे. सराव असा करा: प्रॅक्टिसच्या खोलीत समोरच्या पुतळ्याच्या हालचाली रेकॉर्ड करता येतात. एका जागेत 'पुढे उडी आणि लाथ' रेकॉर्ड करा, दुसऱ्यात 'पुढे चाल आणि खाली लाथ', तिसऱ्यात 'नुसता उभा'. तिन्ही उलटसुलट क्रमाने चालवा. नुसत्या उडीचा सराव केलात तर ते पाठांतर होतं. मॅचमध्ये तुम्हाला तीन गोष्टींतून उडी ओळखायची असते. रोज दहा मिनिटं हे केलंत तर काही आठवड्यांत सिल्व्हरमधले उड्या मारणारे खेळाडू सोपे वाटू लागतील.

*उठताना बटण न दाबणं.* आपटलात की उठताना काहीतरी दाबावंसं वाटतं. जाणकार समोरचा त्याच घाईवर टपलेला असतो. उठताना निदान निम्म्या वेळा फक्त ब्लॉक करा.

स्ट्रीट फायटर ६ साठी एक जास्तीची गोष्ट. ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा रंगांचा फवारा उडवत येणारा जड फटका नव्यांना फार छळतो. तो तुमचे दोन फटके पचवून पुढे येतो आणि कोपऱ्यात असाल तर ब्लॉक करूनही तुम्हाला भिंतीवर आदळतो. पण तो लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा आत. तो दिसला की तुम्ही स्वतःचा ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायचा, नंतर मारणारा जिंकतो. पुतळ्याला अधूनमधून इम्पॅक्ट मारायला लावून आठवडाभर सराव करा. सोबत लाइफखालच्या सहा हिरव्या खणांकडेही, म्हणजे 'ड्राइव्ह'कडे, लक्ष ठेवा. ते संपले की 'बर्नआऊट' होतं. मग खास चाली ब्लॉक करूनही थोडी-थोडी लाइफ जाते, ब्लॉकमधून सुटायला ४ फ्रेम जास्त लागतात आणि भिंतीजवळचा इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी गरगरायला होतं. 'अचानक सगळं सुटत गेलं' असं वाटलेल्या बऱ्याच मॅचचं मूळ इथेच सापडतं.

पायरी ५: फ्रेम समजून घ्या

या शब्दाला लोक घाबरतात. त्यातलं गणित चौथीच्या मुलाला जमेल एवढंच आहे.

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. एका चित्राला एक फ्रेम म्हणतात, साधारण १७ मिलिसेकंद. प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात: हात निघून पोचेपर्यंतचा, लागू शकतो तेवढा, आणि हात परत येईपर्यंतचा. तिसऱ्या भागात मारणारा अडकलेला असतो. ब्लॉक करणाराही काही फ्रेम अडकतो. या दोघांतून आधी कोण सुटतं यावर पुढचा डाव कुणाचा ते ठरतं.

समोरच्याचा फटका ब्लॉक केल्यावर तो तुमच्यापेक्षा ४ फ्रेम उशिरा मोकळा होत असेल तर त्याला 'वजा ४' म्हणतात. स्ट्रीट फायटर ६ मध्ये बऱ्याच पात्रांची हलकी बुक्की ४ फ्रेममध्ये पोचते. म्हणजे पोचण्याइतके जवळ असाल तर वजा ४ किंवा त्याहून वाईट फटक्यानंतर तुमची बुक्की बसणारच, समोरच्याने काहीही केलं तरी. याला पनिश म्हणतात. वजा ३ असेल तर हमखास मार नाही, पण आता डाव तुमचा आहे. त्याने पुन्हा तितक्याच वेगाचा फटका मारला आणि तुम्हीही मारलात, तर तुमचा आधी पोचेल.

आता नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. समोरच्याचं पात्र केन आहे. केन तुमच्यावर शोर्यूकेन मारतो, तुम्ही ब्लॉक करता. केन हवेत जातो, खाली येतो, आणि तो वीसहून जास्त फ्रेम वजा असतो. नवा खेळाडू या वेळात ब्लॉक धरून नुसता बघत राहतो, नाहीतर घाबरून एक हलकी बुक्की मारतो. खरं तर इथे तुमच्याकडे सर्वांत मोठा कॉम्बो मारायला वेळ आहे. खाली बसून मारलेली जोरदार लाथही, जिने माणूस आडवा पडतो, ब्लॉक झाली की बहुतेक पात्रांना मोठ्या वजामध्ये टाकते.

सगळ्या पात्रांचे तक्ते पाठ करू नका. प्रॅक्टिसच्या खोलीत फ्रेम मीटर चालू केलात की खाली रंगीत पट्ट्या धावतात आणि कोण किती फ्रेम आधी सुटला तो आकडा दिसतो. आज मॅचमध्ये ज्या एका चालीने छळलं ती पुतळ्याकडून करवून घ्या, ब्लॉक करा, आकडा बघा, वहीत लिहा. एका दिवसाला एक चाल. 'हा सारखं तेच करतोय आणि मला काहीच करता येत नाही' हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकलंय. त्यावरचं उत्तर बहुतेक वेळा या पट्टीवर पाच मिनिटांत मिळतं.

पायरी ६: आता एक कॉम्बो

एकच, लहान, दहापैकी नऊ वेळा निघणारा. रियूचा खाली बसून मधल्या ताकदीचा पंच आणि त्याला जोडून हदोकेन एवढाही पुरतो. फटक्याचा परतीचा भाग तोडून पुढची खास चाल जोडायची ही रीत १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून आहे. बनवणाऱ्यांनी ती ठरवून घातली नव्हती. गेम तयार होताना ती लक्षात आली आणि त्यांनी तशीच राहू दिली. लांब कॉम्बो गोल्ड रँकनंतर.

पायरी ७: ऑनलाइन उतरा

वायफायवर खेळू नका. सिनेमा बघताना वायफाय क्षणभर अडखळला तर कळतही नाही, इथे त्या क्षणात चार फ्रेम जातात. आजचे चांगले फायटिंग गेम 'रोलबॅक' पद्धत वापरतात. समोरच्याचं बटण पोचायच्या आधी गेम अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकला तर मागे येऊन चित्र दुरुस्त करतो. टोनी कॅनन याने २००६ च्या सुमारास जीजीपीओ नावाने ती लोकांपुढे आणली. मैलोन् मैल लांबच्या माणसाशी आपण आज नीट खेळू शकतो ते तिच्यामुळे. पण इंटरनेटचा वेग सारखा खाली-वर होत असेल तर रोलबॅकही हात टेकतो आणि पात्रं पडद्यावर टुणटुण उड्या मारतात. केबल जोडा. समोरचा वायफायवर आहे का तेही मॅच स्वीकारण्याआधी दिसतं. कनेक्शनचा दर्जा ठरवायची सेटिंग वरच्या टोकाला ठेवा. रात्री उशिरा जवळपासचे खेळाडू कमी होतात आणि दूरचे समोर येऊ लागतात, म्हणून शिकायच्या काळात संध्याकाळ ते रात्री अकरा ही वेळ बरी.

'आधी कॅज्युअल (रँक पणाला न लावता) खेळतो, तयार झालो की रँक्ड' असं बरेच जण ठरवतात. मी उलट सांगतो. कॅज्युअलमध्ये समोर कोणीही येऊ शकतं. रँक्डमध्ये आधी दहा मॅच खेळवून तुमची जागा ठरवतात आणि मग तुमच्या बरोबरीचेच भेटतात. रुकी किंवा आयर्न या सर्वांत खालच्या रँकमध्ये पडलात तर उत्तम, तिथे शिकायला जागा आहे. दहा मॅच जिंकण्यासाठी जिवाचा आटापिटा करून उगीच वरच्या रँकमध्ये गेलात तर पुढचा महिना मार खाण्यात जाईल.

पायरी ८: हरलेली मॅच पुन्हा बघा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि सर्वांत जास्त फायदा हिचाच आहे. प्रत्येक ऑनलाइन मॅच साठवली जाते. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ती बघताना दोघांची बटणं आणि फ्रेम मीटर दाखवता येतात. टेकन ८ मध्ये तर मधेच थांबवून तुमच्या पात्राचा ताबा घेता येतो आणि तोच प्रसंग वेगळ्या पद्धतीने खेळून बघता येतो.

जिंकलेली मॅच सोडा, हरलेली लावा. हातात वही घ्या आणि आपली लाइफ जिथे-जिथे गेली तिथे थांबून फक्त कारण लिहा: उडी, थ्रो, उठताना बटण, कोपरा, इम्पॅक्ट, मी वजा असताना मारलं. एका मॅचचं पान साधारण असं दिसतं:

पहिला राऊंड: उडी. उडी. उठताना बटण. उडी.
दुसरा राऊंड: थ्रो. थ्रो. बर्नआऊट. इम्पॅक्ट.

हे पान बघितल्यावर 'तो फारच भारी होता' असं म्हणता येत नाही. पहिला राऊंड तीन उड्यांनी गेला. समोरच्याने काही जादू केलेली नाही, हवेत दिसणारा माणूस आपण पाडला नाही इतकंच. दुसऱ्यात दोन थ्रो खाल्ल्यावर आपण घाबरून ड्राइव्ह उधळला आणि बर्नआऊटमध्ये गेलो. उद्याचा सराव कागदावर आयता तयार झाला: उड्या. पाच मॅचची पानं एकत्र ठेवलीत तर एकच शब्द सारखा डोकं वर काढताना दिसेल. त्या आठवड्यात फक्त त्या एका शब्दावर काम करा आणि मॅच जिंकलात की हरलात हे मोजू नका. किती उड्या पाडल्या ते मोजा.

पायरी ९: चिडचिडीची सोय लावा

राग येणारच. चांगल्या खेळाडूंनाही येतो. तो कुठून येतो ते ओळखून ठेवलं तर बरं.

एक मॅच जिंकून समोरचा निघून जातो आणि परतफेडीची संधी देत नाही. हे लागतं, पण नियमात बसतं. पुढची मॅच शोधा, त्याला मेसेज करायला जाऊ नका.

कोपऱ्यात थ्रो खाल्ला की समोरचा पुन्हा जवळ येतो आणि पुन्हा तोच प्रश्न टाकतो: फटका की थ्रो? ही तक्रार जुन्याजाणत्या खेळाडूंचीही आहे आणि मला ती रास्त वाटते. उत्तरं तीन: थ्रो तोडा, उडी मारा, किंवा उठताना शोर्यूकेनसारखं काही मारा. तिन्हींत धोका आहे, म्हणून एकच उत्तर सारखं देऊ नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोपऱ्याच्या दिशेने सारखं मागे चालायची सवय आधी मोडा.

मग ते पठार. महिना-दोन महिने रँक हलत नाही. सिल्व्हरपर्यंत उड्या मारून आलेल्याला तिथे उड्या पाडणारे भेटतात आणि जुनी युक्ती एकदम बंद पडते. आपण मागे गेलोय असं वाटतं. खरं तर तिथून पुढचा खेळ वेगळा असतो, आणि तो शिकायला वेळ लागतो.

नियम म्हणून एवढं पाळा: लागोपाठ तीन हरलात आणि बटणं जोरात दाबली जाताहेत असं जाणवलं की रँक्ड बंद. प्रॅक्टिसची खोली किंवा पाणी. संतापात खेळणारा माणूस ब्लॉक करत नाही, आणि समोरच्याला ते दिसतं.

पायरी १०: माणसं शोधा

एकट्याने शिकता येतं, पण हळू. दोन-तीन जणांचा गट जमवा, आठवड्यातून एकदा समोरासमोर बसा. लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये आधी जपानमधली आणि मग अमेरिकेतली अशा दोन्ही इव्हो (फायटिंग गेमच्या मोठ्या) स्पर्धा टेकन ७ मध्ये जिंकला, त्याआधी बाहेरच्या जगाने त्याच्याबद्दल जवळजवळ काही ऐकलेलं नव्हतं. तो तयार झाला तो पाकिस्तानातल्या खेळाडूंशी रोज समोरासमोर खेळून. नंतर दक्षिण कोरियाचा 'नी' (Knee) हा टेकनमधला दिग्गज मुद्दाम पाकिस्तानात जाऊन त्या लोकांशी खेळला आणि त्यालाही ती मंडळी जड गेली. महाग सामान आणि परदेशी स्पर्धा नसतानाही चांगला प्रतिस्पर्धी रोज समोर असला की काय होतं, ते तिथे दिसलं.

वय झालं म्हणून मागे राहू नका. २०२३ च्या हांगझो आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूला मिळालं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्या स्पर्धेत भारताचे खेळाडूही उतरले होते.

आणि एकदा तरी इव्हो २००४ ची ती मॅच बघा. स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक, दाइगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग. दाइगोच्या केनची लाइफ दिसेल-न दिसेल इतकी उरलेली. जस्टिनची चुन-ली सुपर, म्हणजे तिची सर्वांत जोरदार चाल, मारते, १५ लाथा. ब्लॉक केलं तरी लाइफ झिजून केन मरणार. या गेममध्ये फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी पुढे दाबलं तर 'पॅरी' होते आणि काहीच नुकसान होत नाही. दाइगो पंधराही लाथा पॅरी करतो, शेवटची हवेत उडी मारून, आणि खाली येत उलटा कॉम्बो मारून राऊंड जिंकतो. लोक खुर्च्यांवरून उठून ओरडताना ऐकू येतात. ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही, अंतिम सामन्यात हरला. पायरी ४ आणि ५ झाल्यावर ही मॅच बघितलीत तर प्रत्येक लाथेला तो काय करतोय हे तुम्हाला कळेल. त्याआधी बघितलीत तर नुसता गोंधळ वाटेल. म्हणून ती थोडी उशिरा बघा.

पहिल्यांदा एखाद्या प्रत्यक्ष भेटीला किंवा छोट्या स्पर्धेला जाल तेव्हा स्वतःचा कंट्रोलर आणि त्याची वायर घेऊन जा. ब्लूटूथवर जोडलेला पॅड मधेच दुसऱ्याच्या कन्सोलला जोडला जातो आणि चालू मॅच थांबते, म्हणून अनेक ठिकाणी वायरशिवायचे पॅड चालत नाहीत. बटणांची मांडणी तुम्हाला हवी तशी आहे ना, हे मॅच सुरू होण्याआधी तपासा. त्यासाठी वेळ मागायला लाजू नका, सगळेच मागतात. आणि हरलात तर जिंकणाऱ्याला सरळ विचारा: 'तुम्ही मला कशावर पकडलंत?' फायटिंग गेम खेळणारे लोक हा प्रश्न ऐकला की खुर्ची ओढून अर्धा तास समजावून सांगतात.